आधी भाकरी, मग चटणी

जगातली प्रत्येक वस्तू कुणाची तरी असलीच पाहिजे, आणि ती कुणाची हे ठरल्याशिवाय तिला हातसुद्धा लावता कामा नये, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझी बायको थोरली, त्यांची बायको शालू धाकटी. शालू बहिणीला अक्का म्हणायची, म्हणून साडूही अक्का म्हणायला लागले आणि पुढंपुढं मीसुद्धा. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडं जेवायला आले, तेव्हा हात धुवायला म्हणून साडू स्वयंपाकघरात गेले ते बाहेरच येईनात. जाऊन बघतो तर हातात स्टीलचं एक झाकण धरून उभे. "अक्का, हे कुणाचं?" अक्का म्हणाली, "कुणाचं नाही ओ, असंच पडलंय कधीपासून." असंच, हे उत्तर साडूंना सोसत नाही. नवा जावई, अंगावर लग्नातला सफारी, आणि गडी ओट्याखाली बसून एकेक डबा ओढून त्याला झाकण लावून बघायला लागला. पानावरच्या भाकऱ्या गार झाल्या. शेवटी माळ्यावर सुतळीचा एक डबा सापडला, त्याला ते झाकण बरोबर बसलं, आणि साडू म्हणाले, "बघा, होतं की त्याचं कुणीतरी." मग जेवले. शालू तोंडाला पदर लावून हसत होती. त्या दिवशी मला वाटलं होतं, पोरीचं कसं व्हायचं. पण पोरीचं फार चांगलं झालं, हेही इथंच सांगून टाकतो.

धंद्यानं साडू मोबाइलची ॲपं बनवतात. आधी सात रस्त्याजवळ त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. मोबाइल आले, क्लासची पोरं पांगली, आणि साडू जुळे सोलापुरातल्या आपल्या घराच्या वरच्या खोलीत जाऊन बसले ते आजतागायत. कुणा दवाखान्याचं ॲप, कुणा ट्रॅव्हल्सवाल्याचं, कुणा पिठाच्या गिरणीचं. मी नवी पेठेत चष्मे विकणारा माणूस. त्यातलं मला कळतं ते एवढंच, की फोनच्या पोटात टेबलं असतात. एका टेबलात आया, दुसऱ्यात लेकरं. प्रत्येक आईला नंबर, आणि लेकराच्या नोंदीत आईचा नंबर. त्या नंबराच्या आधारानं लेकरू आईला धरून असतं. आता आईची नोंदच कुणी डिलीट केली, तर लेकराकडं नंबर राहतो आणि त्या नंबरावर कुणीच नसतं. अशा नोंदीला साडू 'लोंबकळणारी' म्हणतात. हा शब्द उच्चारताना त्यांचं तोंड घासात केस आल्यासारखं होतं. सोलापुरात उन्हाळ्यात माणसं उष्म्यावर बोलतात, पाणी कुठल्या दिवशी येणार यावर बोलतात. आमचे साडू लोंबकळणाऱ्या नोंदींवर बोलायचे.

बरं, ही विद्या फोनपुरती ठेवावी की नाही? पण नाही. दर रविवारी दोघं आमच्याकडं जेवायला असायची. अक्कानं घाईत रिकाम्या ताटात शेंगाची चटणी वाढली, की साडू हात आखडून बसायचे. "आधी भाकरी, अक्का, मग चटणी. भाकरीच नाही तर चटणी कशावर ठेवायची?" अक्का म्हणायची, "ताटात की ओ भाऊजी." "ताटात ठेवली तर ती ताटाची झाली. ती भाकरीची आहे." अक्का कपाळाला हात लावायची आणि भाकरी वाढायची. हा संवाद दर रविवारी व्हायचा, त्याच जागी, त्याच शब्दांत, आणि तो झाल्याशिवाय कुणी घास उचलत नसे. आमच्या पोरांनी तर त्याचं नाव 'श्लोक' ठेवलं होतं.

दुसरा त्यांचा नेम असा, की काम करायचं तर पुरतं, नाहीतर मुळीच नाही. अर्धं झालेलं काम त्यांच्या लेखी न झालेल्यापेक्षा वाईट. फोनमध्ये आईची नोंद झाली आणि लेकराची होता होता बॅटरी संपली, तर आईचीही नोंद मागं घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, अशी त्यांची रीत. एकदा आम्ही चौघं बार्शीला एका लग्नाला निघालो. एसटी स्टँडवर गाडीत बसलो, जागा मिळाली, तीही खिडकीची, आणि साडूंच्या लक्षात आलं की आहेराची साडी घेतली पण ब्लाउजपीस घरीच राहिला. "उतरा," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, बार्शीत काय कापडाचं दुकान नाही का?" तर म्हणे, "ह्या साडीचा पीस घरी आहे, दादा. तिथं दुसरा घेतला तर घरचा पीस कुणाचा?" उतरलो. पिशव्या घेऊन, पाण्याच्या बाटल्या घेऊन, चौघंही उतरलो. त्यांना एकट्याला जाऊन पीस आणता आला असता, पण मग आमचं निघणं अर्धवट राहिलं असतं. चौघांनी घरी जाऊन, कुलूप काढून, पुन्हा कुलूप लावून पहिल्यापासून निघायचं. बार्शीला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. परतीच्या गाडीत मी रागानं गप्प. शालू मात्र हळूच माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊजी, रागावू नका. ह्यांनी मला बघायला येताना पेढे विसरले म्हणून आख्खी मंडळी परत नेली होती." मला हसू आलं. माझा राग शालूनं असा किती वेळा मोडला असेल, देव जाणे.

आणि लग्नात गेल्यावर साडूंचा खरा आनंद पंगतीत. आपल्याकडं पंगतीत शेजारचा माणूस पहिला घास घ्यायच्या आत विचारतोच, "आपण कुणाकडचे?" बाकीचे सांगतात मुलाकडचे नाहीतर मुलीकडचे. साडू ताठ बसून सांगायचे, "मी शालूकडचा." विचारणाऱ्याला शालू कोण ते ठाऊक नसायचं. तो गोंधळायचा, साडू खुलायचे आणि मग शालूपासून सुरू करून अक्का, अक्काचा भाऊ, भावाचा सासरा असं करत करत नवरदेवापर्यंत आणून पोचवायचे. तोवर जिलेबी निघून गेलेली असायची. मी एकदा म्हटलं, "साडूभाऊ, सरळ मुलाकडचा म्हणून मोकळं व्हावं." ते म्हणाले, "दादा, तुमचा माझा संबंध काय? दोन बहिणी. त्या मधून काढल्या तर नवी पेठेतले तुम्ही नि जुळे सोलापुरातला मी, रस्त्यात भेटलो तर ओळख तरी देऊ का एकमेकांना?" चेष्टेत बोलले, असं मी धरून चाललो.

त्याच सुमाराला त्यांच्याकडं मेंढरांचं ॲप आलं. सांगोल्याकडचे एक जनावरांचे डॉक्टर, क्लासात साडूंकडं शिकून गेलेले. त्यांच्या मनात होतं की माळावर मेंढरं राखणाऱ्या घरांना फोनवर कळपाची नोंद ठेवता यावी. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, कुणाला लस दिली, कुणाची राहिली, आणि मुख्य म्हणजे एडका त्याच्याच बहिणींत सोडला जाऊ नये. माळावर रेंज नाही, म्हणून सगळं फोनच्या पोटातच राहिलं पाहिजे. रेंजमध्ये आलं की साडूंच्या कॉम्प्युटरवर त्याची प्रत उतरणार. साडू हरखले. आया आणि लेकरं, त्यांच्या आवडीचंच काम. तिकडं जाऊन राहिले, अंगाला मेंढरांचा वास घेऊन परत आले, आणि शालूनं त्यांना अंगणातच आंघोळ घातली. ॲप तयार झालं तेव्हा रविवारी आमच्याकडं जेवताना अभिमानानं सांगत होते, "एकसुद्धा नोंद लोंबकळणार नाही, दादा. मेंढी डिलीट केली की तिच्याखालचं सगळं आपोआप निघणार, लेकरं, नातवंडं, सगळी. मागं काही राहायचंच नाही." शालू ताक वाढत होती. ती म्हणाली, "आई गेली म्हणून लेकरं काढायची? हे काय बाई." साडू म्हणाले, "अगं, चुकून झालेली नोंदच डिलीट करतात. खरी मेंढी कोण कशाला डिलीट करेल?" शालू त्यांच्या वाटीत ताक ओतून पुढं गेली.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर शालू गेली. पोटात दुखतंय म्हणाली, दुखणं कशाचं ते कळेपर्यंत फार पुढं गेलं होतं. त्या दिवसांबद्दल मला लिहवत नाही. साडूंनी सगळं रीतीप्रमाणं केलं, कुणापुढं रडले नाहीत, दिवसकार्य झाल्यावर आमच्या पाया पडले आणि वरच्या खोलीत जाऊन बसले. रविवारी यायचे मात्र. यायचे, पण श्लोक म्हणायचे नाहीत. अक्का मुद्दाम आधी चटणी वाढून बघायची. ते काही न बोलता जेवायचे. ती आत जाऊन डोळे पुसायची.

मग आलं अक्काच्या भाच्याचं लग्न, पुन्हा बार्शीलाच. दोघी बहिणींच्या सख्ख्या भावाचा मुलगा, न जाऊन चालणारच नव्हतं. आम्ही तिघं गेलो. या खेपेला आहेराची पिशवी कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही. पंगतीत साडू माझ्या उजव्या हाताला, आणि त्यांच्या पलीकडं मुलीकडचे एक गृहस्थ, चांगले होते बिचारे. पानं वाढून झाली, आणि त्यांनी वळून विचारलं, "आपण कुणाकडचे?" साडूंनी तोंड उघडलं. मी वाट बघतोय. शब्दच येईना. ते गृहस्थ हसऱ्या चेहऱ्यानं थांबलेले. साडूंनी तोंड मिटलं, पानाला नमस्कार केला, उठले आणि चालू लागले. मला वाटलं, हात धुवायला गेले. ते तसेच स्टँडवर गेले होते, आणि मिळेल त्या गाडीनं सोलापूर गाठलं होतं.

त्यानंतर साडू रविवारी आले नाहीत. फोन उचलेनात. मी घरी गेलो. दार उघडलं, चहा दिला, आणि शांतपणे म्हणाले, "दादा, मी तुमच्या घरात शालूच्या नंबरावर होतो. त्या नंबरावर आता कुणी नाही. माणूस भिडेखातर येत राहतो, समोरचा भिडेखातर वाढत राहतो, ते मला नको. लोंबकळायचं नाही हा माझाच नियम आहे." घर बंद करून पुण्याला दिलेल्या आपल्या मुलीकडं जायचं ठरवलं होतं. निम्मं सामान बांधूनही झालं होतं. म्हणजे बघा, अर्धवट काम न करणारा माणूस निम्म्या बांधलेल्या सामानात बसून होता. घरी येऊन मी अक्काला सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थांबली. म्हणाली, "शालू गेली ती गेली. आता हेही गेले तर माझ्या बहिणीचं नाव मी कुणापाशी काढू? तुम्ही ऐकाल, पण तुम्हाला ती माझ्यामुळं माहीत. त्यांना ती माझ्याहून जास्त माहीत होती." आणि परातीतल्या पिठातच हात ठेवून बसून राहिली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, परत पाठवला गेलो. अक्का गेली, तिलाही नमस्कार करून पाठवली. साडूंना शब्दानं पटवणं कुणालाही कधी जमलं नव्हतं. जिला जमायचं ती गेली होती.

अशात एका दुपारी दुकानात एक बाई आल्या. हातात फोन, डोक्यावर पदर, चेहरा उन्हानं रापलेला. मला वाटलं, चष्म्याचं गिऱ्हाईक. तर म्हणाल्या, "मेंढरांच्या फोनवालं सायेब हितंच भेटत्यात का?" ॲपमध्ये मदतीसाठी साडूंनी माझ्या दुकानाचा पत्ता देऊन ठेवला होता, कारण नवी पेठ सगळ्यांना सापडते. मला विचारायची पद्धत नव्हती. बाईंचं नाव हिराबाई, सांगोल्याच्या अलीकडच्या माळावरून एसटीनं आल्या होत्या. म्हणाल्या, "आमची म्हातारी मेंढी मेली. मेलेल्याचा कानातला बिल्ला आमी त्याच दिशी कापून घेतो, मेलेलं कळपात धरत न्हाईत. मनून फोनातनंबी काडली. तर तिच्या लेकी, लेकींची कोकरं, समदी गेली की. वाड्यात उबी हायेत, आन फोनात न्हाईत. लस कुनाला झाली, कुनाची ऱ्हायली, कायबी ठाव न्हाय. उद्या डाक्टर येनार." मी शटर ओढलं, त्यांना रिक्षात घातलं आणि जुळे सोलापूर गाठलं. खरं सांगतो, मेंढरांच्या काळजीपेक्षा मला दुसरीच आशा होती.

साडूंनी हिराबाईंना ओळखलं, आत घेतलं, फोन बघितला. वरच्या खोलीत गेलो. सगळी खोकी बांधलेली, एक कॉम्प्युटर तेवढा राहिलेला. "नियमाप्रमाणंच झालंय," ते हळू म्हणाले. "मीच लावलेला नियम." नशिबानं जुन्या प्रती शाबूत होत्या, बाईंच्या फोनवरच्या सगळ्या नोंदी त्यांत होत्या. साडूंनी एक कोकरू उचलून परत फोनात घालायला घेतलं. घेईना. दुसरं घेतलं, तेही घेईना. मी म्हटलं, "काय झालं?" ते म्हणाले, "आई नाही ना. नंबरावर कुणी नसेल तर लेकरू बसत नाही. आधी म्हातारीला परत घालावं लागेल." हिराबाई तिथंच जमिनीवर बसल्या होत्या त्या चटकन म्हणाल्या, "मेलेली परत कळपात धरायची? न्हाई सायेब. तसलं आमच्यात करत न्हाईत. आमची सासू घरात घ्यायची न्हाय मला."

साडू थांबले. म्हातारीला घालावी तर रीत मोडते, न घालावी तर तिचं सगळं गणगोत बाहेर राहतं. मी त्यांच्या मागं उभा होतो, मला चेहरा दिसत नव्हता, पण मान दिसत होती, आणि ती मान मला काही बरी वाटेना. मग उठले, "चहा टाकतो," म्हणाले आणि खाली गेले. चहाला एवढा वेळ लागत नाही. हिराबाईंनी मला विचारलं, "सायबांच्या मालकीनबाई न्हाईत व्हय?" मी म्हटलं, "नाहीत. गेल्या." त्यांनी पदर नीट केला.

चहा घेऊन आले तेव्हा साडूंचे डोळे लाल होते, पण आवाज कामाचा होता. हिराबाईंपुढं खाली बसले आणि म्हणाले, "असं करतो. म्हातारीची नोंद राहील, पण तिला कळपात मोजायचं नाही. तिच्या नावापुढं एक घर वाढवतो. तिथं लिहायचं की ही आता नाही. कळप बघितला की ती दिसणार नाही. कोकराचं नाव काढलं, की मात्र आई म्हणून तिचंच नाव येणार. चालेल?" हिराबाईंनी मनाशी तोलून बघितलं. "मोजायची न्हाई ना? मग चालतंय की." साडूंनी विचारलं, "काय लिहू? मयत?" "नगं. मयत कागदावर लिवत्यात. गेली लिवा." साडूंनी लिहिलं, गेली. मग एकेक कोकरू परत घातलं, आणि एकेक आपल्या जागी जाऊन बसलं. सगळं झाल्यावर तो जुना नियमही त्यांनी सगळ्यांच्या फोनातून काढून टाकला. कुठलीही मेंढी आता डिलीट होत नाही. फार तर गेली होते. संध्याकाळच्या गाडीला आम्ही हिराबाईंना बसवून दिलं. परतताना मी साडूंना रविवारचं विचारणार होतो, पण रिक्षाभर ते बाहेर बघत होते.

तो रविवार गेला. आले नाहीत. पुढच्या आठवड्यात आमच्या नातीचं बारसं होतं. अक्कानं निरोप ठेवला होता, उत्तर नव्हतं. बायका पाळणा म्हणत होत्या तेवढ्यात दारात साडू. हातात पिशवी, पिशवीत अंगडं, आणि त्याचं टोपडंसुद्धा. अक्कानं पाहिलं, मान हलवली आणि आत गेली. पंगत बसली. जावयाकडची मंडळी दुधनीची. त्यांतले एक वयस्क गृहस्थ, कानडी वळणाचं मराठी बोलणारे, साडूंच्या शेजारी आले. अक्का वाढायला निघाली होती. तेवढ्यात ते गृहस्थ साडूंकडं वळून म्हणाले, "आपण कुणाकडचे म्हणायचे?" अक्का चटणीची वाटी हातात धरून आमच्यापुढं जागच्या जागी थांबली. मी पानाकडं बघत राहिलो, वर बघायची हिंमत होईना.

"मी शालूकडचा," साडू म्हणाले. "ती गेली. मी तिच्याकडचाच."

गृहस्थांना शालू कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी चांगल्या माणसासारखी मान डोलावली. अक्काच्या हाताला काही सुचत नव्हतं. तिनं तशीच वाकून समोरच्या रिकाम्या ताटात चटणी वाढली. साडूंनी हात आखडून घेतला आणि तिच्याकडं बघितलं.

"आधी भाकरी, अक्का," ते म्हणाले.